सल्फर दोघांतही आहे, मग डायसल्फाइड बॉन्ड एकट्या सिस्टीनचाच का, आणि जेलवरच्या त्या डायमरचं काय करायचं

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. एक, सिस्टीन आणि मेथिओनिन या दोन्ही अमिनो अ‍ॅसिडमध्ये सल्फर असून डायसल्फाइड, म्हणजे दोन सल्फरमधला थेट बॉन्ड, फक्त सिस्टीनचाच का बनतो. दोन, प्रोटीनला आकार हाच बॉन्ड देतो का. आणि तीन, जी मला वाटतं खरी अडचण आहे, की तुमच्या प्रोटीनमध्ये पाच सिस्टीन आहेत, ई. कोलाय बॅक्टेरियात एक्सप्रेस केलं, म्हणजे त्याच्याकडून बनवून घेतलं, की बरंचसं इनक्लुजन बॉडीजमध्ये (न विरघळणाऱ्या गोळ्यांमध्ये) जातं आणि जे थोडं सोल्युबल मिळतं ते मर्कॅप्टोइथेनॉल (डायसल्फाइड तोडणारं रसायन) न घातलेल्या जेलवर दुप्पट वजनाला, म्हणजे दोन रेणू जोडलेला डायमर म्हणून, दिसतं, तर हे सगळं सल्फरमुळेच होतंय का. प्रोटीन प्युरिफाय करणं हे माझं रोजचं काम आहे आणि या सिस्टीनने भल्याभल्यांना दमवलंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पहिला भाग सोपा आहे. सिस्टीनच्या साइड चेनमध्ये एक सीएच२ आणि त्याच्या टोकाला एसएच, म्हणजे सल्फर टोकालाच बसलाय आणि त्याच्यावर एक हायड्रोजन आहे. मेथिओनिनमध्ये आधी दोन सीएच२, मग सल्फर आणि सल्फरच्या पुढे परत एक मिथाइल, म्हणजे सल्फरला दोन्ही बाजूंनी कार्बनने धरून ठेवलंय. डायसल्फाइड बनणं म्हणजे ऑक्सिडेशन, दोन एसएच गटांनी मिळून दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन सोडायचे आणि दोन सल्फर एकमेकांना थेट जोडले जायचे. मेथिओनिनच्या सल्फरवर सोडायला हायड्रोजनच नाही, मग जोडणार कसं. त्याचं ऑक्सिडेशन होतं, नाही असं नाही, पण तेव्हा तो शेजारचा सल्फर न पकडता ऑक्सिजन पकडतो आणि मेथिओनिन सल्फॉक्साइड बनतं, त्यावर पुढे येतो.

आता सिस्टीनमध्येसुद्धा नुसता एसएच फारसा काही करत नाही. काम करतो तो प्रोटॉन सुटलेला, ऋण भार असलेला सल्फर, म्हणजे थायोलेट. साध्या सिस्टीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या गटांचा प्रोटॉन सुटलेला असतो तो, साधारण ८.३ च्या आसपास असतो, म्हणजे पीएच ७.४ ला दहातला एखादाच थायोलेट रूपात असतो. हा थायोलेट तयार असलेल्या एस–एस बॉन्डवर मागून हल्ला करतो, तीन सल्फर एका रेषेत येतात, एक सुटतो आणि नवीन जोडी बनते. याला थायोल–डायसल्फाइड एक्सचेंज म्हणतात आणि प्रोटीनमधल्या बहुतेक डायसल्फाइडची जुळवाजुळव अशीच होते, हवेतला ऑक्सिजन थेट येऊन बॉन्ड करतो असं फार कमी वेळा घडतं. शेजारी काय आहे त्यावर पीकेए प्रचंड हलतो. बॅक्टेरियाच्या डीएसबीए एन्झाइममधल्या ३० नंबरच्या सिस्टीनचा पीकेए साडेतीनच्या आसपास आहे, म्हणजे ते जवळजवळ कायम थायोलेटच असतं आणि म्हणूनच इतकं आक्रमक असतं. हे ध्यानात ठेवा कारण पुढे प्रयोग करताना याचाच उपयोग आहे: पीएच खाली आणला की थायोलेट कमी होतो आणि सगळी अदलाबदल थंडावते.

दुसरा प्रश्न, आकार डायसल्फाइड देतो का. इथे माझं मत ठाम आहे, देत नाही. घडी आधी बसते, बॉन्ड नंतर तिला टाचणी लावतो. याचा पुरावा जुना आहे आणि इतका सुंदर आहे की थोडा वेळ त्यावर थांबायलाच हवं. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज ए घेतलं, १२४ अमिनो अ‍ॅसिडचं छोटं एन्झाइम, आठ सिस्टीन, चार डायसल्फाइड. ८ मोलर युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून घडी पूर्ण उलगडली आणि चारही बॉन्ड तोडले, मग दोन्ही काढून टाकले आणि हवेत राहू दिलं तर एन्झाइम परत जवळपास पूर्ण कामाला लागलं. आता आठ सिस्टीनच्या चार जोड्या किती प्रकारे लागू शकतात ते मोजा: पहिल्याला सात पर्याय, मग उरलेल्यातल्या पहिल्याला पाच, मग तीन, मग एक, एकूण १०५. त्यातली बरोबर एकच. म्हणून त्यांनी उलटं करून पाहिलं, युरिया तसाच ठेवला, म्हणजे साखळी अजून उलगडलेलीच, आणि तशा अवस्थेत सिस्टीन जोडू दिली. जोड्या लागल्या पण कशाही लागल्या, आणि नंतर युरिया काढूनही अ‍ॅक्टिव्हिटी जेमतेम एक टक्का आली, जी १०५ मध्ये एक या हिशोबाशी जुळते. आणि मग त्या बिघडलेल्या मालात किंचित मर्कॅप्टोइथेनॉल घातलं तर चुकीच्या जोड्या सुटत गेल्या, नवीन लागत गेल्या आणि काही तासांत एन्झाइम परत मूळ रूपात आलं. म्हणजे कोणी कोणाशी जोडायचं हे अमिनो अ‍ॅसिडचा क्रम ठरवतो, हायड्रोफोबिक गाभा आणि हायड्रोजन बॉन्ड सगळे मिळून योग्य सिस्टीन जवळ आणतात, आणि ती जवळ आली की एस–एस लागतो. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अँफिन्सन यांचा वाटा याच कामासाठी होता.

मग बॉन्डचा फायदा काय? बरेच जण म्हणतात कोव्हॅलंट आहे, साधारण ६० किलोकॅलरीचा आहे, हायड्रोजन बॉन्ड दोन-चार किलोकॅलरीचा, म्हणजे प्रोटीन तेवढ्याने मजबूत होतं. हा हिशोब चुकीचा आहे कारण एस–एस बॉन्ड घडी असताना जितका पक्का तितकाच घडी उलगडल्यावरही पक्का असतो, दोन्हीकडे तेवढीच ऊर्जा, फरक शून्य. खरा परिणाम उलगडलेल्या अवस्थेवर होतो. मोकळी साखळी असंख्य आकारांत फिरू शकते, दोन टोकं बांधली की त्यातले कितीतरी आकार बाद होतात, म्हणजे उलगडण्यात जो एंट्रॉपीचा फायदा होता तो कमी होतो आणि घडीतली अवस्था तुलनेने स्वस्त पडते. यासाठी एक अंदाजी सूत्र वापरतात, एंट्रॉपीतली घट म्हणजे २.१ अधिक दीड गुणिले आर (गॅस कॉन्स्टंट) गुणिले बांधलेल्या फासातल्या रेसिड्यूंच्या, म्हणजे साखळीतल्या अमिनो अ‍ॅसिडच्या, संख्येचा नॅचरल लॉग, कॅलरी प्रति मोल प्रति केल्विन मध्ये. फास २५ रेसिड्यूंचा असेल तर ही घट जवळपास ११.७ येते आणि २५ अंश सेल्सिअसला ते साडेतीन किलोकॅलरी होतात. प्रोटीनची एकूण स्थिरता साधारणपणे ५ ते १५ किलोकॅलरी प्रति मोल एवढीच असते, तेव्हा साडेतीन म्हणजे चांगलीच भर आहे, पण ६० कुठे आणि साडेतीन कुठे.

आणि ही भरसुद्धा भूमिती जुळली तरच. दोन सल्फरमधलं अंतर २.०५ अँगस्ट्रॉम, आणि एस–एस भोवतीचा कोन अधिक किंवा उणे ९० अंशांच्या जवळ असावा लागतो, दोन्ही बाजूंचे अल्फा कार्बन साधारण साडेचार ते साडेसहा अँगस्ट्रॉमवर. स्ट्रक्चर बघून दोन जागा जवळ दिसल्या म्हणून तिथे सिस्टीन घालून नवीन डायसल्फाइड बनवायला जाल आणि कोन ताणला जात असेल तर प्रोटीन उलट नाजूक होतं, असं बऱ्याचदा होतं.

एक अपवादासारखी दिसणारी गोष्ट म्हणजे इन्सुलिन. ए साखळी २१ ची, बी साखळी ३० ची, दोघींमध्ये दोन डायसल्फाइड आणि एक ए साखळीच्या आतच, ६ आणि ११ मध्ये. हे तोडून परत जोडायला गेलात तर रायबोन्युक्लिएजसारखं निमूटपणे परत जमत नाही, उत्पन्न खूप कमी येतं. कारण पेशीत ते दोन साखळ्या म्हणून बनतच नाही, ८६ रेसिड्यूंचं सलग प्रोइन्सुलिन आधी बनतं, त्याची घडी बसते, तिन्ही बॉन्ड लागतात आणि नंतर मधला सी-पेप्टाइड कापून काढला जातो. म्हणजे घडीची माहिती ज्या सलग साखळीत होती त्यातला तुकडाच आता हातात नाही. नियम तोच आहे, घडी आधी.

पाठ्यपुस्तकात डायसल्फाइड प्रायमरी रचनेत (साखळीचा क्रम) टाकायचा की टर्शरी रचनेत (घडीचा आकार) यावर उगाच डोकं लावू नका, परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमात जे असेल ते लिहा. इन्सुलिनसारखा दोन साखळ्यांमध्ये असेल तर काही जण क्वाटर्नरीही म्हणतात.

आता तुमचं प्रोटीन. आधी हे बघा की ते मूळ जीवात राहतं कुठे, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. पेशीच्या सायटोप्लाझममध्ये ग्लुटाथायोन (एसएच गट असलेला छोटा रेणू) १ ते १० मिलिमोलर असतं आणि जवळजवळ सगळं रिड्यूस्ड रूपात, म्हणजे एसएच मोकळा, शिवाय थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटारेडॉक्सिन ही प्रोटीन चुकून बनलेला डायसल्फाइडसुद्धा तोडत बसतात. त्यामुळे सायटोप्लाझममधल्या प्रोटीनमध्ये सिस्टीन कितीही असली तरी टिकाऊ डायसल्फाइड सहसा नसतात. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये वातावरण बरंच ऑक्सिडायझिंग, तिथे पीडीआय एन्झाइम जोड्या लावतं आणि चुकीच्या सोडवतं, आणि ईआरओ१ त्याला परत ऑक्सिडाइज करून तयार ठेवतं. बाहेर स्रवणारी प्रोटीन, अँटिबॉडी, रिसेप्टरचे बाहेरचे भाग, या सगळ्यांचे डायसल्फाइड तिथेच लागतात. ई. कोलायमध्ये हे काम पेरिप्लाझममध्ये, म्हणजे त्याच्या दोन पडद्यांमधल्या जागेत होतं, डीएसबीए जोडतं आणि डीएसबीसी चुकलेल्या जोड्या दुरुस्त करतं.

तर तुमच्या सिक्वेन्सला मूळ सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनला सायटोप्लाझमबाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा, आहे का ते आधी तपासा. असेल तर ते प्रोटीन डायसल्फाइडसाठीच बनलंय आणि तुम्ही त्याला बीएल२१ या साध्या ई. कोलाय स्ट्रेनच्या सायटोप्लाझममध्ये काढताय, जिथे बॉन्ड लागूच शकत नाहीत, मग अर्धवट घडीचं प्रोटीन गोळा होऊन इनक्लुजन बॉडीत जाणार हे ओघाने आलंच. अशा वेळी एकतर पेलबीसारखा सिग्नल लावून पेरिप्लाझममध्ये पाठवा, नाहीतर थायोरेडॉक्सिन रिडक्टेज आणि ग्लुटाथायोन रिडक्टेजची जीन काढलेली स्ट्रेन वापरा, ओरिगामी किंवा शफल, शफलमध्ये सायटोप्लाझममध्येच डीएसबीसी पण आहे त्यामुळे दोनपेक्षा जास्त बॉन्ड असतील तर मी आधी तीच घेतो. सिग्नल पेप्टाइड नसेल आणि प्रोटीन मुळात सायटोप्लाझमचं असेल तर इनक्लुजन बॉडीचा दोष सल्फरवर टाकू नका, तापमान १८ अंशांवर आणा, आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) कमी करा, कन्स्ट्रक्टची टोकं बदलून बघा, बहुतेक वेळा तिथे उत्तर मिळतं.

तिसरी एक शक्यता लोक हमखास विसरतात. सिस्टीन, मग कोणतेही दोन, मग परत सिस्टीन, अशा दोन जोड्या सिक्वेन्समध्ये असतील तर तो झिंक धरणारा भाग असू शकतो. तिथे चार सल्फर मिळून एक झिंक पकडतात आणि घडी त्या झिंकवर उभी असते. अशा प्रोटीनच्या बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घातलं की झिंक जातं, घडी सुटते, सिस्टीन उघडी पडतात आणि मग ती वाटेल तशी एकमेकांना जोडली जातात. लोक ते डायसल्फाइड बघून म्हणतात की प्रोटीनमध्ये डायसल्फाइड आहेत. मीडियात आणि बफरमध्ये थोडं झिंक देऊन बघणं हा स्वस्त प्रयोग आहे, करून बघाच.

आता तो डायमर. पाच हा विषम आकडा आहे, म्हणजे रेणूच्या आतल्या आत जोड्या लावल्या तर एक सिस्टीन कायम उरणारच. हे काही विचित्र नाही, मानवी सीरम अल्ब्युमिनमध्ये ३५ सिस्टीन आहेत, १७ डायसल्फाइड आणि ३४ नंबरचं सिस्टीन मोकळं. पण मोकळं सिस्टीन पृष्ठभागावर असेल तर पेशी फोडली, ग्लुटाथायोन पातळ झालं, हवा लागली, बफरमध्ये तांब्या-लोखंडाचा अंश असला, की दोन रेणू एकमेकांना चिकटतात. मला आत्ता तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुमचा डायमर पेशीत नव्हताच, तो तुमच्या ट्यूबमध्ये बनलाय. पण वाटून उपयोग नाही, तपासता येतं.

एकाच कल्चरचे दोन भाग करा. एकाच्या लायसिस बफरमध्ये पेशी फोडायच्या आधीपासून १० ते २० मिलिमोलर एन-इथाइल मॅलेइमाइड (मोकळ्या सिस्टीनला चिकटून ते झाकणारं रसायन) घाला, पीएच ७ च्या आसपास ठेवा कारण वर गेलात तर ते लायसिनलाही चिकटायला लागतं, आणि त्या बफरमध्ये डीटीटी (हेही डायसल्फाइड तोडणारंच) किंवा मर्कॅप्टोइथेनॉल अजिबात नको, नाहीतर मॅलेइमाइड त्यांच्यावरच खर्च होईल. दुसऱ्या भागात ते घालू नका. दोन्ही नॉन-रिड्यूसिंग, म्हणजे डायसल्फाइड तोडणारं काहीही न घातलेल्या, जेलवर शेजारी चालवा. मॅलेइमाइडच्या लेनमध्ये डायमर गायब असेल तर तो फोडल्यानंतर बनत होता, राहिला असेल तर तो आधीपासूनचा आहे आणि मग त्याच्याकडे गांभीर्याने बघायला हवं. जेल लावताना एक गोष्ट सांभाळा, रिड्यूसिंग आणि नॉन-रिड्यूसिंग सॅम्पल चिकटून लावू नका, डीटीटी बाजूच्या लेनमध्ये झिरपतं आणि शेजारच्या बँडचा कडेचा भाग तेवढाच खाली सरकलेला दिसतो, मध्ये निदान एक लेन रिकामी सोडा, शक्यतो दोन. आणि सिस्टीन झाकल्याशिवाय सॅम्पल उकळू नका कारण एसडीएस या घडी उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये गरम केलं की आत दडलेली सिस्टीन बाहेर येतात आणि नव्या जोड्या तिथेच लागतात. याच जेलवर मोनोमरचा बँडही नीट बघा, रिड्यूसिंग लेनपेक्षा तो किंचित पुढे धावत असेल तर आत डायसल्फाइड असण्याची शक्यता आहे कारण बांधलेली साखळी जास्त आटोपशीर असते.

मोकळी सिस्टीन किती ते एल्मन रिएजंटने (मोकळ्या एसएचशी रंग देणारं रसायन) मोजा, ४१२ नॅनोमीटरला, शोषणाचा गुणांक १४,१५० प्रति मोलर प्रति सेंटीमीटर. एकदा साध्या बफरमध्ये आणि एकदा ६ मोलर ग्वानिडीनमध्ये, म्हणजे घडी उलगडून. पहिल्यात एक आणि दुसऱ्यात पाच आलं तर एक बाहेर, चार आत दडलेली आणि डायसल्फाइड एकही नाही. दोन्हीकडे एकच आलं तर दोन डायसल्फाइड आणि एक मोकळं.

मोकळं सिस्टीन नक्की कोणतं ते कळलं आणि ते कामाला लागत नसेल तर बदलून टाका. लोक डोळे झाकून सेरीन घालतात, बाहेरच्या जागेला ठीक आहे, पण सिस्टीन आत दडलेलं असेल तर सेरीन तिथे पाण्याची ओढ असलेला गट घेऊन बसतं आणि घडी सैल होते, तिथे अलानिन किंवा व्हॅलिन बरं.

रिड्यूसिंग एजंट, म्हणजे डायसल्फाइड तोडणारी रसायनं, त्यांच्याबद्दल थोडक्यात. प्रोटीनमध्ये मूळचे डायसल्फाइड असतील तर सवयीने डीटीटी घालू नका, तुम्हीच ते तोडताय. नसतील तर घाला, पण निकेल कॉलमवर डीटीटी नको, रेझिन तपकिरी होतं, तिथे थोडं मर्कॅप्टोइथेनॉल किंवा कमी प्रमाणात टीसीईपी चालतं. डीटीटी पीएच ७ च्या खाली मंदावतं, टीसीईपी खालीही चालतं पण फॉस्फेट बफरमध्ये फार काळ टिकत नाही.

मेथिओनिनला लोक नुसतं साखळीची सुरुवात करणारं म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. त्याची साइड चेन लांब, फांद्या नसलेली आणि लवचिक, त्यामुळे वेगवेगळ्या आकारांच्या पृष्ठभागाला ती जुळवून घेते. कॅल्मोड्युलिन हे १४८ रेसिड्यूंचं प्रोटीन इतक्या वेगवेगळ्या पार्टनरना धरू शकतं त्यात त्याच्या नऊ मेथिओनिनचा मोठा हात आहे. ट्रिप्टोफॅन, फेनिलअलानिनसारख्या अरोमॅटिक रिंगवर मेथिओनिनचा सल्फर टेकलेला कितीतरी स्ट्रक्चरमध्ये दिसतो आणि ती जवळीक घडीला हातभार लावते. सायटोक्रोम सी मध्ये ८० नंबरचं मेथिओनिन हीमच्या लोखंडाला धरून असतं. आणि सल्फॉक्साइडचा मुद्दा: अल्फा-१ अँटिट्रिप्सिनमध्ये ३५८ नंबरचं मेथिओनिन ऑक्सिडाइज झालं की ते न्यूट्रोफिल इलास्टेजला नीट अडवू शकत नाही, सिगारेटच्या धुराने फुप्फुसाला जी इजा होते त्यातलं हे एक कारण धरलं जातं. पेशीकडे हे सल्फॉक्साइड परत मेथिओनिन करणारी एन्झाइम आहेत, ट्यूबमधल्या तुमच्या प्रोटीनला ती सोय नाही, म्हणून जुना झालेला ट्वीन (बफरमध्ये घालतात ते डिटर्जंट) वापरू नका, त्यात पेरॉक्साइड साचतं.

शेवटी, मास स्पेक्ट्रोमीटर हाताशी असेल तर अखंड प्रोटीनचं वजन घ्या, वाद मिटतो. एक डायसल्फाइड म्हणजे दोन हायड्रोजन गेले, वजन २ ने कमी. ग्वानिडीनमध्ये रिड्यूस न करता आयोडोअसिटामाइड दिलं, अंधारात, तर प्रत्येक मोकळ्या सिस्टीनमागे ५७ वाढतात. पूर्ण रिड्यूस्ड वजनाच्या तुलनेत ५३ वाढ दिसली तर दोन डायसल्फाइड आणि एक मोकळं, २८५ दिसली तर पाचही मोकळी. १६ ची पायरी दिसली तर बहुधा मेथिओनिनचं ऑक्सिडेशन. कोणतं सिस्टीन कोणाशी जोडलंय हे शोधायला ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) लावाल तेव्हा नेहमीचा पीएच ८ नको, त्या पीएचला जोड्या बदलतात आणि मग जे मूळ प्रोटीनमध्ये नव्हतंच ते तुम्ही रिपोर्ट कराल. मोकळं सिस्टीन आधी मॅलेइमाइडने झाका आणि पीएच साडेसहाच्या आसपास ठेवून जास्त वेळ द्या, किंवा सरळ पेप्सिन घ्या, ते आम्लातच काम करतं.